म संपला

कला म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय
आणि मुख्य म्हणजे मी म्हणजे काय,
याची चारशे बारा पानं पिशवीत घालून
मी अंबाजोगाईत मंडी बाजारामागच्या बोळीत गेलो.
लग्नपत्रिका आणि लिलावाच्या नोटिसा छापणारा प्रेस.
तिथं कुशावर्ता खिळे जुळवायची.

माझी कादंबरी पहिल्यांदा तिनंच वाचली,
उलटी,
शिशातली,
एकेक अक्षर चिमटीत धरून.

सोळाव्या पानावर थांबली.
"म संपला, सर."
"म्हणजे?"
"खान्यात एक बी राहिला न्हाई. तुमच्यात मी लई हाय.
ही पानं छापून सुटली की मग पुढचं."

मी चिडलो. मी तिला सांगितलं,
माझी नायिका वेरूळला चित्रं काढते,
एकशे चाळीस पानं खिडकीत उभी राहून
सौंदर्याचा विचार करते, माझा विचार करते.
"आन् जेवती कवा?"
असं म्हणून तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला.
शिसं छातीत बसू नये म्हणून
मालक रोज दुपारी वाटायचा तो.

बाकावर बसून मग बघत राहिलो.
छापून झालेलं प्रकरण ती मोडत होती.
मरण, मोक्ष, प्रेम, मौन.
म मच्या खान्यात, र रच्या,
कानामात्रा वेगळ्या.
दुसऱ्या दिवशी तेच म
सायगावच्या कुणाच्या शुभमंगलात बसले होते,
संध्याकाळी एका मयताच्या पत्रिकेत.
त्यांनी ओळख दिली नाही.

त्या रात्री लाल पेन घेतला.
'मी गेलो' यातला पहिला शब्द काढला
तरी गेलो उरतंच.
'मी रडलो'चंही तसंच.
पहाटेपर्यंत शंभरेक पानं हलकी झाली,
काही तर नुसती कोरी. त्यांचं वाईट वाटलं नाही.

"आता पुरतंय," ती म्हणाली, वर न बघता.
बोटं काळी, कपाळावर त्याच बोटाचा डाग.
ती काय वाचते, घरी कोण, कुठून येते,
इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.
विचारलं.
हसली. "ट्रेडल चालू हाय, ऐकू येईना."

एकसष्टाव्या पानाच्या प्रुफात
'ती' लिहिलं होतं तिथं 'तू' आलं होतं.
पेन उचलला.
बराच वेळ तसाच धरला.
"चूक न्हाई ना कुठं?" तिनं आतून विचारलं.
"नाही."

अजून तसंच आहे ते, त्या पानावर.