टाकी

वहीचं पान आडवं धरलं तरच सगळे रकाने मावतात.
उभ्या पानात हे घर बसत नाही.

पहिला रकाना बागेचा, लाल शाईत.
मी सून होऊन सुकेण्यात आले त्याच वर्षी
नानांनी सांगून ठेवलं होतं:
बाकीचं कशानंही लिही, द्राक्षं लाल.
दुसरा ह्यांच्या सातपूरच्या पगाराचा,
सात तारखेला, ओव्हरटाइम धरून.
तिसरा भावजींच्या पिकअपचा. त्याला वार नाही, वेळ नाही.
जाताना लासलगावला कांदा,
येताना कुण्या नवरीचं कपाट, गादी, मिक्सर,
आणि सोमवारी त्र्यंबकला भजनी मंडळ, पेटी-पखवाजासकट.
चौथा वृषालीचा: फॉल, पिको, अस्तराचे ब्लाउज.
पाचवा सासूबाईंच्या कोंबड्यांचा.
तो पैसा वहीपर्यंत कधी पोचतच नाही.
त्या रकान्यात मी नुसतं लिहिते, ‘आहे’.

सहावा माझ्या गिरणीचा.
पेन्सिलीनं.

रात्रपाळी संपवून हे झोपतात तेव्हा पट्टा सुरू होतो.
झोप लागते त्यांना. बंद पडला की जाग येते.
एका ताटाला सहा वेळा जेवणारं घर आमचं,
भाकरीच्या टोपलीवरचं फडकं दिवसभर हलतं.
सगळे एकत्र दिसतो ते फक्त छाटणीला,
तेव्हाही हे कंपनीच्या शर्टात,
आणि वृषालीच्या गळ्यात टेप तशीच राहिलेली.

फेब्रुवारीत व्यापारी बागेत आला.
मणी दोन बोटांत धरून भाव सांगितला, तो
आमच्याकडं न बघता, मोबाईलकडं बघून सांगितला.
नानांनी मान हलवली.
घरी येऊन पाणीसुद्धा न पिता
ओट्यावर रिकामी कॅरेट मोजत बसले,
ती मोजलेलीच होती.

रात्री मी मांडून पाहिलं.
औषधं, डिपिंग, पेठहून आलेल्या बायकांची मजुरी,
त्यांच्या गाडीचं भाडं, सुतळी, कागद.
लाल रकान्यात उरले अकरा हजार चारशे.
पेन्सिलीत सत्तावन्न.

मग एक काम केलं, कुणाला न विचारता.
बुरशीच्या औषधाचं मोठं बिल होतं, अठरा हजारांचं,
ते उचलून गिरणीच्या खर्चात टाकलं.
समोर लिहिलं: पट्टा.

नाना वही वाचतात बोट ठेवून,
जशी वेलीवर काडी शोधतात, डोळा फुगलाय का बघत.
बोट लाल रकान्यातून उतरलं, आडवं चाललं,
पेन्सिलीपाशी जरा थांबलं.
चष्मा काढून पुसला.
“बागेनं यंदा बरं दिलं म्हणायचं,” म्हणाले.
मी म्हणाले, हो.

पाडव्याला ईश्वरीला बघायला पाहुणे आले.
घर कशावर चालतं, कुणीतरी विचारलंच.
“अडीच एकर बाग आहे,” नाना म्हणाले,
चहा फुंकत,
आणि पुढं काहीतरी म्हणणार होते
तेवढ्यात कोंबडी पाहुण्यांच्या चपलांत शिरली.

परवा दुपारी वीज गेली, चार तासांची.
नाना गिरणीत आले. हातात हातोडी आणि टाकी,
जुनी, सासूबाईंच्या जात्यावेळची, टोकाला झिजलेली.
“वरचा दगड उतरव.
पीठ गरम येतंय. बायका बोलतात पाण्याच्या टाकीपाशी.”

दगड उलटा केला, तर खाचा पार गुळगुळीत.
मांडी घालून बसले.
टक, टक, टक.
कधी ठिणगी उडे, कधी नुसती धूळ,
भुवया पांढऱ्या झाल्या.
मधून तळहात फिरवून बघत,
जिथं बोट अडेल तिथं हूं म्हणत.
तीन तास एक शब्द नाही.

उठताना गुडघा धरला त्यांनी. मी वही उघडली.
“नाना, टाकीचे किती लिहू?”

“पट्ट्यात धर,” म्हणाले,
आणि हात झटकत बागेकडं गेले.

वीज आली संध्याकाळी.
पहिली पायलीभर गाळण फेकून दिली,
दगडाची कच असते तिच्यात.
त्यानंतरचं पीठ हातावर घेतलं.
थंड होतं.