बारावा महिना

माझ्या पाठीवरच्या पिशवीत
एक लॅपटॉप, एक कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र
आणि चष्म्याबरोबर फुकट मिळालेलं फडकं.
आठ वर्षं पुण्यातले अंगठे घेत फिरतोय.
धायरी, धानोरी, मुंढवा, म्हाळुंगे.
घर बघायला नाही,
कागदावर उतरवायला.

अकरा महिने.
सगळे अकराच सांगतात.
का, हे विचारलं
तर मालक एजंटकडे बघतो, एजंट पंख्याकडे.
पंचांगात क्षयमास पिढ्यापिढ्यांतून एखादा,
भाडेकरूच्या नशिबी दरसाल.

नऱ्ह्याला परवा
सुलभा घोडेरावांचा अंगठा उमटेना.
पाच घरची भांडी,
रेषा कुठल्या तारेच्या घासणीबरोबर गेल्या कोण जाणे.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
त्यांनी अंगठा केसांतून फिरवला, कपाळावर घासला,
‘तेल लागतं दादा याला.’
चौथ्यांदा उमटला.
एक खोली, ओटा, संडास सामायिक.
भाडं सात हजार, अनामत तीस,
टँकर आला तर त्याचे वेगळे.
कलम नऊ : भिंतीला खिळा ठोकू नये.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर होती.
‘मग ही कुठं लावू?’
‘फ्रिजवर ठेवा की.’
‘फ्रिज नाही.’
मालक माझ्याकडे बघत राहिले,
जणू त्याचंही कलम माझ्याकडे असणार.

बाणेरला तौफिक अत्तार.
फोनवर आधी नोकरी विचारतात, मग नाव,
मग थोडं थांबून आडनाव,
मग : ‘अरेरे, आत्ताच गेली हो जागा.’
जागा कुठे जाते?
मी तीन महिन्यांनी त्याच दारावरून गेलो,
तिथेच होती,
कुलपाला जाळं लागलेलं.

रात्री म्हाळुंग्याहून परतताना
सिग्नलला गाडी थांबली की मी खिडक्या मोजतो.
समोर बावीस मजले.
दिवे सात.
त्यातला एक वॉचमनचा,
आणि वॉचमन राहतो जिन्याखाली.

फॉर्ममध्ये एक चौकोन आहे : मुदत, महिन्यांत.
त्यात साठपर्यंत आकडा बसतो.
आठ वर्षांत मी तो एकदाच टाकला.
धानोरीच्या सरोजिनी नाडर,
खडकीच्या कारखान्यातून निवृत्त.
‘जास्तीत जास्त किती येतात?’
‘साठ.’
‘मग साठ टाक.’
‘आणि दरवर्षीची वाढ? दहा टक्के?’
‘महागाई वाढली की हिला वर चहाला बोलावीन. बोलू.’
बोलू, या शब्दाला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी शून्य लिहिलं.
बाई संत वगैरे नाहीत,
माझ्या बिलातले पन्नास रुपये त्यांनी घासाघीस करून कापले.
पण जाताना पितळेची कळशी दाखवली, उगाच :
‘हा पोचा येरवड्याचा, हा बोपोडीचा,
हा कुठला ते विसरले.
अकरा घरं बदलली बाबा.
एवढं पुरे.’
खाली नवी भाडेकरीण
भिंतीवर कान लावून टकटक करत होती,
खिळा कुठे बसेल ते बघत.

आता माझं.
माझाही करार या तीस तारखेला संपतो, वडगाव बुद्रुक,
दोन खोल्या, मुलगी तिसरीत.
मालक म्हणाले, तूच भर बाबा, घरचाच आहेस,
दीड हजार वाढव फक्त.
घरचाच.

मुलगी झोपल्यावर फॉर्म उघडला.
मुदतीच्या चौकोनात छत्तीस टाकलं
आणि कसं दिसतंय ते बघत बसलो.
बरं दिसत होतं.
छत्तीस महिन्यांनी ती सहावी पास होईल, त्याच शाळेतून,
त्याच रिक्षाकाकांबरोबर.

पुसलं नाही अजून.
सकाळी मालक अंगठा द्यायला येतील,
चष्मा विसरून येतात नेहमी,
पण मी वाचून दाखवणार आहे,
मोठ्यानं.
फडकं धुऊन वाळत घातलंय.