तीस मिली

चिखलीच्या इस्पितळात इव्हेत नावाची मुलगी आली,
हातात तपकिरी बाटल्या.
म्हणाली, ताई, तीस मिली पुरे.
नावाऐवजी आकडा लागतो.
मी सेहेचाळीस.

पडद्याआड बसले.
सुरंगी मांडीवर, तोंड उघडून,
तिच्या वाटणीचं बाटलीत जाताना बघत होती.
बघत कसली, तेरा दिवसांचं पोर.

बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून
इव्हेतने ती बर्फाच्या पेटीत ठेवली.
तसलीच निळी पेटी
माझा दीर पहाटे जेटीवर नेतो.

मग प्रश्न.
खारीवाड्यात किती वर्षं?
जन्मल्यापासून.
घरात कधी फवारणी?
तेव्हा आठवलं: मलेरियाचे लोक, पाठीला पंप,
भांडी अंगणात, आम्ही अंगणात,
आत भिंतींवर ओला वास वाळत चाललेला.
दारामागे खडूने तारीख लिहून जात.
आई ती पुसत नसे. सरकारी अक्षर.
रात्री आम्ही भिंतीला पाठ लावून झोपायचो,
गार लागे म्हणून.

खिडकीत काळं बसतं का?
मी हसले.
लंगोट मी पंख्याखाली वाळवते.
बाहेर घातले तर बंदरातला कोळसा
माझ्याआधी त्यांना हात लावतो.

मासे?
रोज.
कुठले?

इथे मी थांबले.
सासूबाई बारशाच्या आधीपासून मोरी आणत होत्या,
हातभर पिल्लू, कातडी पॉलिशपेपरासारखी,
मिरी-लसूण घालून, तिखट बेतानं.
"खा गो, मोरयेन दूद येता."
त्यांना त्यांच्या सासूने घातलेली, तिला तिच्या.
आणि दूध येत होतं, खोटं कशाला सांगू,
उशी भिजायची.

इव्हेतने वहीच्या मागच्या पानावर मासा काढला,
त्याच्या पोटात मासा, त्याच्याही पोटात एक,
अगदी आत टिंब.
हा पारा, म्हणाली. जिरत नाही, वर चढत जातो.
मोरी पिल्लू असली तरी मोठ्यांच्या घरातली,
तिलाही तो आईकडूनच आलेला.
सगळ्यात बाहेर तिने बाई काढली, अंबाडा घातलेली,
आणि पेन थांबलं.
ते मी घेतलं. कोपऱ्यात सुरंगीचं तोंड काढलं.
सगळ्या समुद्रावरची शिकारी,
तोंडात दात नाही एक.

आणि फवारणीचं?
ते चरबीत बसतं, ती म्हणाली, दुधावाटे उतरतं.
पहिल्या बाळाला जास्त, दुसऱ्याला कमी.
म्हणजे पाजेन तशी मी
स्वच्छ होत जाणार.
मला लाज वाटली. कसली, ते नाही सांगता आलं.

मग बंद करू?
नको, नको! तिने दोन्ही हात वर केले,
पोलिसाने गाडी अडवावी तसे.
डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या:
पाजा. डबा उघडलात तरी पाणी याच नळाचं,
आणि डब्यातली पावडर तापाशी भांडत नाही.
मोरी तेवढी सोडा. लहान मासे खा.

घरी सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी तारले घेऊन आल्या,
पायरीवर बसून साफ केले,
खवले मनगटापर्यंत.
उठताना म्हणाल्या,
म्हणजे तुझ्या घोवाक हांवें...
पुढचं वाक्य त्यांनी पाण्याबरोबर ओतून दिलं.

आकडा अजून आलेला नाही.
रात्री दोनला सुरंगी उठते.
मी दिवा लावत नाही,
बंदराचा उजेड पुरतो.
ती ओढते, थांबते, श्वास घेते, पुन्हा ओढते,
तिचा हात माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकलेला.
मी घोट मोजते.
तीस मिलीत किती घोट बसतात,
इव्हेतला विचारायचं राहून गेलं.