वजनकाटा

रुवीच्या फ्लॅटमध्ये पलंगाखालून
हुकाचा वजनकाटा काढला.
एकोणीस वर्षं त्याला एकच आकडा पाठ : तीस.
चिपळूणला निघताना दरवेळी
त्यानंच ठरवलं, कुणाचे बदाम मागे राहणार,
कुणाचं अत्तर.

आज त्याला पाठपिशवी टांगली.
बॅटरी, मीठ-साखरेच्या पुड्या, झोपायची पिशवी,
आणि उसना तंबू. काल हॉलमध्ये उभारून पाहिला,
सोफा गॅलरीत ठेवावा लागला.

सालिम म्हणाला, जबल शम्सवर
पाणी मिळेल असं धरू नकोस.
सहा लिटर घे.
म्हणजे सहा किलो नुसतं पाणी!
मग निघाले बाहेर
दुसरा टॉवेल, स्टीलचा डबा,
छत्री (ती का भरली होती, देव जाणे).
चकल्या राहू दिल्या.

बारा किलो चारशे.
यात कुणाला द्यायचं काही नाही,
कुणी उघडून बघायला बसणार नाही.
जरा चोरी केल्यासारखंच वाटलं.

सरावाला जिना चढलो, पिशवीसकट.
तिसऱ्या मजल्यावर जुलेखाभाभी दारात :
"गावाला निघालात? मग खेडला बहिणीसाठी
अर्धा किलो खजूर..."
"डोंगरावर चाललोय, भाभी.
एकाच रात्रीसाठी."
"डोंगरावर? कोण आहे तिथे?"
"कोणी नाही."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या,
पुडकं माझ्या हातात कोंबलं :
"मग तुम्हीच खा."

बारा किलो नऊशे.