हक्कसोड

मिरजेत टेबलावर उताणी.
मनगटातून आत गेलेली तार,
पडद्यावर माझंच काळीज,
पानं झडलेल्या बाभळीसारखं.
डॉक्टर नायकवडी म्हणाले, मावशी,
कुठं काही अडकलेलं नाही. नळ्या लख्ख.

मग पहाटे साडेतीनला कोण आवळतं?

नळीच, म्हणाले. आपली आपण.
झोपेत मूठ वळावी तशी.
तुम्ही विट्याहून इथं पोचेस्तवर सुटलेली असते.
मग पेनाचं टोपण काढून :
घरात आणखी कुणाला?

आण्णांना, म्हटलं.
कोइमतूरला गलाईच्या दुकानात
भट्टी विझवून निजले,
पहाटे उठून बसले, पाणी मागितलं.
पोऱ्या तांब्या घेऊन आला तेव्हा नुसतेच बसलेले.
गावात तार आली.
सगळे म्हणाले, ॲसिडची वाफ.

सुंदराआत्या पित्त म्हणायची.
चाळीस वर्षं पदराला ओवा बांधलेला.
माघातल्या एका थंडीत
गाठ सोडायची राहिली.

शहाजीदादाचं माहीत नाही.
तो पहाटे अंगणात फेऱ्या मारतो,
कुत्र्याला फिरवायचं म्हणून.

डॉक्टर कागदावर चौकोन काढत होते, गोल काढत होते,
काही आतून काळे करत होते.
रक्तात असू शकतं, म्हणाले.
नक्की कुणालाच सांगता येत नाही अजून.
आणि शेवटच्या गोलाखाली एक बारीक रेघ ओढून
विचारलं, मुलगी किती वर्षांची?

मला तहसील कचेरी आठवली.
साडेतीन एकर, विहिरीतला चौथा हिस्सा,
दादा बोट ठेवेल तिथं सही :
राजीखुशीनं सोडते, कुणाचा दबाव नाही.
बदल्यात पोपटी साडी.
आणि हे? ना मोजणी, ना नोटीस, ना स्टँप,
थेट माझ्या नावावर.
एवढ्या एका वाटणीत आण्णांनी
मुलगा-मुलगी केलं नाही.
हे सोडून द्यायचा कागद
कुठल्या खिडकीवर मिळतो?

संध्याकाळी वॉर्डातून फोन लावला.
जमिनीचं नाही, हे आधी सांगितलं,
नाहीतर तो वहिनीकडे देतो.
दादा, म्हटलं,
कुत्रं मरून दोन वर्षं झाली.
फेऱ्या कशाला मारतोस?

पलीकडे ट्रॅक्टर गेला एक. मग दुसरा.
मग तो हळूच म्हणाला,
तुला पण?
साडेतीनलाच?