डावी नळी

आचारसंहिता उठली, आणि ठाण्यात जमा केलेल्या बंदुका
पावत्या दाखवून घरोघर परत निघाल्या.
तिसऱ्या दिवशी गोपीनाथ शेडगे आले,
बोरा बाजारामागच्या आमच्या दुकानात,
खाकी खोळीत बाराबोअर, दुनळी.
"इलाहीभाई, ठाण्यात हिला दमट लागलीय. बघा.
आणि एक विचारायचं होतं."

नळ्या सुट्या करून ट्यूबलाइटकडे धरल्या.
उजवीत उजेड शेवटपर्यंत गोल, मोकळा.
डावीत तोंडाशी आवळलेला,
शिट्टी घालायच्या आधी ओठ येतात तसा.
पितळी गेज उजवीत बुडालं, डावीत अडलं.
फुल चोक.
फरक केवढा, तर पोस्टकार्डाच्या चार जाड्यांएवढा.

"मामाची," शेडगे म्हणाले.
"येसूमामा जावळीत हिनं हरोळ्या पाडायचा.
चाळीस पावलांवर छर्रा मूठ करून पोचायचा, बघा."
आणि तुम्ही?
"मी रोकडीच्या गाडीमागं उभा. एकोणीस वर्षं.
आता साहेबांनी गोळा आणि एसजी दोन्ही दिलेत.
कुठलं कुठल्या नळीत?"

गोळा म्हणजे अडीच तोळे शिसं, एकजीव.
त्याला चिंचोळ्या दारातून काढू नये,
पाहुणा वाकडा होतो, नाहीतर चौकट फाटते.
तो उजवीत. त्यावर वाद नाही.
एसजीचं निराळं. हरभऱ्याएवढे नऊ दाणे.
मोकळे सोडले की पांगतात,
फार आवळले की दारातच एकमेकांना चेपतात,
आणि चेपलेला दाणा सरळ जात नाही.
(आमच्या जमातीच्या बैठकीत मी हे पाहिलंय, पण ते असो.)
अर्धा चोक त्यांना मानवतो, असं माझा बाप म्हणायचा.
लगेच म्हणायचा, बापाचं ऐकू नको, कागद लाव.

रविवारी वरळीच्या रेंजवर कागद लावला.
पंचवीस पावलं. डावी नळी. काडतुसं शेडग्यांच्या खिशातली.
सात भोकं ताटलीएवढ्या जागेत.
मी खूश. म्हटलं, मामा उगाच नव्हता.
शेडगे कागदाजवळ गेले, बोटानं मोजलं, परत मोजलं.
"दोन कुठं गेले?"
गेले असतील बांधावर.
"नाही, पण कुठं?"

मग त्यांनी तिथंच, वाळूत, बुटाच्या टोकानं
आपल्या शाखेचं दार काढलं.
दारापासून नऊ पावलांवर चप्पल शिवणारा,
त्याच्या पलीकडं पासपोर्ट फोटोवाला,
सव्वाबाराला शाळा सुटते, ती पोरं अशी येतात.
एक रेघ, दुसरी रेघ.
दरोडेखोर त्यांनी काढलाच नाही.
मी वाट बघत होतो, कुठं काढतात.

सोमवारी म्हटलं, डावी अर्ध्यावर आणतो, रीमर फिरवून.
पण ऐका. विलायती नळी आहे, किंमत निम्मी होईल.
आणि पोलाद खरवडता येतं, परत भरता येत नाही.
मामाच्या हरोळ्या गेल्या म्हणून समजा.
शेडग्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला,
कपाचा कान भिंतीकडे वळवला.
"काढा."

दुपारभर फिरवलं. थोडं तेल, थोडं फिरवणं,
गेज, पुसणं, परत तेल.
घाई केली की गोल राहत नाही, हे हाताला माहीत असतं.
पुढच्या रविवारी नवा कागद:
नऊच्या नऊ, परातीएवढ्या जागेत.
शेडगे हसले नाहीत. घडी घालून कागद घेतला.

बिल करताना त्यांनी विचारलं,
जे काढलंत ते कुठं आहे?
बाकावर होतं. तेलकट, करडं,
चिमूटभर मिठाएवढं.
मी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, पुडी बांधली.
त्यांनी ती लायसन्सच्या पाकिटात ठेवली,
खिशाचं बटण लावलं, ओढून पाहिलं.

"एकोणीस वर्षांत एकदाही उडवली नाही हो," जाता जाता म्हणाले,
आणि बंदूक खांद्यावर घेताना
तोंड आभाळाकडे राहील एवढं बघितलं,
आमच्या गल्लीत जेवढं दिसतं तेवढ्याकडे.