सुरक्षा प्रश्न

हल शहरात कुणीतरी
दोन आठवडे मी झालं होतं.
माझ्या नावावर सोफा घेतला,
दोन फोन, आणि कसलंसं कर्ज.
मी इथे स्विंडनमध्ये
शिळी पोळी कुस्करत.

बँकेची मॉराग धीरानं म्हणाली,
पासवर्ड बदला. क्रेडिट फाइलला कुलूप घाला.
आणि ते आईचं माहेरचं आडनाव, तेही बदला.

ते कसं बदलायचं?

खरं उत्तर देऊच नका, म्हणाली,
खरं कुणालाही सापडतं.
बरोबरच. मामाच्या पंच्याहत्तरीचा फोटो
मीच टाकला होता जगासमोर,
झाडून सगळ्या आंबर्डेकरांना टॅग करून.

केटल खट्कन बंद झाली.
तेव्हा आठवलं,
आईचं नाव लग्नात बदललं होतं.
ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘वसुधा’ लिहिलं,
पहिलं नाव ताटाबाहेरच राहिलं.
माझ्या कुठल्याच कागदावर ते नाही.
एकदाच, तापात, बोलून गेली होती.

तेच टाइप केलं.
काळे ठिपके उमटत गेले,
खाली हिरव्या अक्षरांत: मजबूत.

मॉरागनं विचारलं, लक्षात राहील ना?

नाही, इथेही लिहिणार नाही.